खंडेनवमीला पूजेत बसलेली डबी

आमच्या घरात खंडेनवमीला जे हत्यार पूजेला बसतं, ते दसऱ्याची उत्तरपूजा झाल्याशिवाय जागचं हलत नाही. हा नियम माझ्या बापाने घातला. मी तो काळाचौकीच्या चाळीत पाळला, आणि चाळ पाडून तिथे उंच इमारत झाली तेव्हा वरच्या मजल्यावरही पाळला. लिफ्टमध्ये पाय ठेवताना नियम खाली ठेवून यायचे, असं मला कोणी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

पाट मांडायचा, त्यावर लाल कापड घालायचं आणि मधोमध माझा धोटा ठेवायचा. साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, आडवा धागा घेऊन या टोकाकडून त्या टोकाला धावतो, तो लाकडी धोटा. मी ज्या साच्यावर कापड विणलं तो गिरणीबरोबर भंगारात गेला. धोटा माझ्याकडे राहिला. कसा राहिला ते विचारायचं नाही. त्याच्या बाजूला शिवडीच्या गोदामातला लोखंडी आकडा, गिरणी गेल्यावर ज्याने मी गोणी ओढल्या तो. मग हिची विळी, कातर आणि शिलाई मशीन. ही म्हणजे माझी बायको. तिचं बोलणं अजून मालवणच्या बाजूचंच आहे, आणि ते बहुतेक मला उद्देशूनच असतं.

गेल्या खंडेनवमीला संध्याकाळी पाट मांडून मी धोटा पुसत बसलो होतो, तेवढ्यात नात आली. मुलगा-सून बदलापूरला राहतात आणि नात संशोधन करते म्हणून हॉस्टेलवर असते. शास्त्रज्ञ आहे, असं मी खालच्या वॉचमनला सांगून ठेवलंय. ती म्हणते, "आजोबा, अजून झाले नाही मी." मी म्हणतो, "वॉचमनला कुठे सर्टिफिकेट बघायचंय?"

तिच्या दोन्ही हातांत काळ्या कापडात गुंडाळलेली एक डबी होती. चप्पल काढायची होती, पण डबी खाली ठेवायला ती तयार नव्हती. एका पायाने दुसऱ्या पायातली चप्पल ओढत दारातच डुलत राहिली.

ही म्हणाली, "काय गो बाय, त्या डब्यात अंडी आसत काय?"

"आजी, अंडी परवडली असती. फुटली तर दुसरी आणता येतात."

मग डबी फ्रिजच्या बाजूला कपाटात ठेवू का, देवाजवळ नको, तिथे समईचा उजेड असतो, खिडकीजवळ नको, तिथे दमट हवा येते, असं करत तिने घरभर फेरी मारली. शेवटी मी म्हटलं, "बस खाली. आहे काय त्यात?"

"उजेड पकडायचं साधन."

"उजेड पकडतात? उंदीर आहे तो?"

"उजेड पडला की त्याची वीज होते, आजोबा. ती वीज मोजली की उजेड किती होता ते कळतं. तुमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात तेच चालतं. मला अगदी थोडा उजेड पडला तरी कळेल असं करायचंय, आणि तेही झटकन."

"मग कर की."

"तेच करतेय. असं समजा, तुमचं गोदाम आहे." तिला माहीत आहे, गिरणी किंवा गोदाम आणल्याशिवाय मी कान देत नाही. "माझ्याकडे एक पदार्थ आहे, त्याचा पत्रा इतका पातळ की त्याहून पातळ होऊच शकत नाही. काही अणूंएवढी जाडी. त्यावरून वीज जोरात पळते. पण पातळ असल्यामुळे बहुतेक उजेड त्यातून आरपार निघून जातो. त्याच्या हाती फारसं काही लागतच नाही."

"म्हणजे लॉरी दारात उभी आणि माल नाही."

"बरोब्बर. दुसरा पदार्थ आहे त्याचं नाव पेरोव्हस्काइट. त्याचा थर दिला की तो पडेल तो उजेड गिळतो. पण गिळलेलं त्याच्या आतल्या खाचाखोचांत अडकतं आणि बाहेर यायच्या आधीच संपून जातं."

"हमाल भरपूर, माल उतरला, पण लॉरी नाही. माल तिथेच सडला."

"हं. म्हणून मी काय केलं, त्या पत्र्यावर ह्याचा थर दिला. वरचा उजेड धरणार आणि लगेच खालच्याला देणार. खालचा घेऊन पळणार."

"गोदामात असं होत नाही," मी म्हटलं. "लॉरी लागली की हमाल चहाला जातात."

"म्हणूनच दोन वर्षं लागली मला."

हे तिने हसत सांगितलं, पण हसू पुरतं आलं नाही. मग हिने तिच्याकडून बाकीचं काढून घेतलं. पुढच्या आठवड्यात तिच्या कामावर समिती बसायची होती. समितीला आकडे दाखवले तर आणखी मुदत मिळणार, नाहीतर विषय सोडून दुसरा घ्यायचा. आणि तिच्याकडचं मोजायचं मशीन नेमकं बिघडलेलं. गिरगावच्या पुढे एका प्रयोगशाळेत तसंच मशीन होतं. तिथे एरवी महिना महिना नंबर लागत नाही, पण दसऱ्याची सुट्टी म्हणून सकाळची वेळ मिळाली. आमचं घर तिथून जवळ, म्हणून ती डबी घेऊन रात्रीपुरती आमच्याकडे आली होती.

"आणि उद्या नाही जमलं तर?" हिने विचारलं.

"तर आतले तुकडे मरतील. ओलावा लागला की तो थर मरतो, आजी. चांगला असतो तोवर कॉफीसारखा काळपट दिसतो. पिवळा पडला की संपलं."

"मुंबईत?" मी म्हटलं. "इथे पापड टिकत नाही, आणि तू असलं काहीतरी करून ठेवलंस?"

"म्हणून तर डबी बंद आहे. आत ओलावा शोषणारी पुडी आहे. मी ती उघडणार नाही आणि तुम्हीही उघडायची नाही."

एवढं मला पटलं. मला सगळं पटत नाही असं जे घरात बोललं जातं, ते खोटं आहे.

पूजेची वेळ झाली. मी तिला म्हटलं, "तुझं हत्यार ठेव पाटावर." तिने बॅगेतून लॅपटॉप काढला. मी म्हटलं, "हा समोरच्या घरातला पोरगाही ठेवतो. त्यावर तो दिवसभर गाड्या उडवण्याचा खेळ खेळतो. तुझं खरं हत्यार ठेव."

तिने माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे. ही म्हणाली, "ठेव गो, नायतर जेवण उद्या गावात." जेवण उद्या मिळेल म्हटल्यावर तिने डबी पाटावर ठेवली. झाकण पारदर्शक होतं. मी म्हटलं, काळं कापड काढ, तोंड झाकून कोणी पूजेला बसत नाही. तिने घरातला मोठा दिवा बंद करायला लावला आणि मग कापड काढलं. आत तीन इवले तुकडे होते, नखाएवढे. एक फिका, दोन खरंच कॉफीच्या रंगाचे. मी झाकणावर हळदीचं बोट टेकवलं, कुंकवाचं टेकवलं, फूल ठेवलं. पाणी शिंपडताना ती मध्ये हात धरून उभी राहिली, तेवढं मी चालवून घेतलं.

आरती झाली. तिने डबीवर कापड टाकलं आणि म्हणाली, "सकाळी लवकर उचलते हं."

"सकाळी कशी उचलशील? उत्तरपूजा दुपारी. आपट्याची पानं आल्यावर."

"आजोबा, सकाळी मला तिथे पोचायचंय. आत्ताच सांगितलं ना मी?"

"सांगितलंस. पण मग ती पूजेत बसली. पूजेतलं हत्यार उठवत नाहीत. त्या दिवशी त्याला काम सांगायचं नाही, म्हणून तर पूजा. गिरणीत मालकाने साचे चालवा म्हणून निरोप पाठवला होता एकदा. आमच्या खात्यात एक माणूस उठला नाही."

"तुम्हीच ठेव म्हणालात!"

"आणि तू ठेवलीस."

ही विळीवरचं फूल सारखं करत होती. तिथूनच म्हणाली, "हत्याराक एक दिवस सुट्टी म्हणे. तुमच्या धोट्याक तर बाराय म्हयने सुट्टीच आसा."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. नात मात्र मांडी घालून माझ्यासमोर बसली. वाद घालायला बसली की ती तिच्या बापासारखी दिसते. फरक एवढाच की बाप हरायचा.

"बरं. तुम्ही साच्याची पूजा करायचात ना? मग साच्यावरच्या कापडाची करायचात?"

"कापडाची कशाला करू? तो माल."

"मग माझी डबी हा माल आहे. तो बनवायचं मशीन माझ्या लॅबमध्ये आहे. ते हत्यार. त्याला उद्या सुट्टी आहेच. मालाला सुट्टी देत नाहीत."

मुलगी हुशार आहे यात शंका नाही. पण मीही साचेखात्यात उगाच दिवस काढले नाहीत. मी म्हटलं, "कापड काही करतं का? पडून राहतं. तुझी डबी उजेड पकडते म्हणालीस. पकडते म्हणजे काम करते. जे काम करतं ते हत्यार."

मला बरं वाटलं, पण फार वेळ नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "पकडते की नाही, तेच तर मला माहीत नाही, आजोबा. उद्या तपासल्यावर कळणार. अजून काहीच केलेलं नाही तिने."

मी समईत तेल घातलं. ती जेवली, ताट उचललं, पाटाकडे न बघता आतल्या खोलीत जाऊन पडली. हिनेही माझ्याशी बोलणं बंद केलं. घरात बायको न बोलता भांडी घासायला लागली की भांड्यांचा आवाज फार होतो.

मी पाटाजवळच अंथरूण टाकलं. हट्टी माणसाला झोप लागत नाही हा लोकांचा गैरसमज आहे. मला उत्तम लागली. पण पहाटे जाग आली ती विचारासकट. साचा मी बघितला तो चालता. धोटाही माझ्या हातात आला तो धावलेला. आकड्याने गोणी ओढल्या, विळीने मासे कापले. यातलं प्रत्येक हत्यार आधी राबलं, मग पाटावर बसलं. ही डबी अजून कामाला लागलेलीच नाही. जिची हजेरी नाही, तिला सुट्टी कसली?

हे तिने रात्री सांगितलं होतं असं ती म्हणते. तिने फक्त माहीत नाही एवढं सांगितलं होतं. निष्कर्ष माझा.

ती आंघोळीला गेली तेव्हा मी डबीची पाठवणी केली. म्हणजे कापड अर्धं बाजूला केलं, झाकणावर पुन्हा हळद लावली, या वेळी जरा हात सोडून, कारण कामाला पहिल्यांदा निघाली होती. कापड टाकलं आणि तिला हाक मारली.

"चल. उचलतो मी."

"तुम्ही?"

"पूजेत मी बसवली, मीच उठवणार. आणि टॅक्सीचे पैसे हिच्याकडून घे."

तिने माझे पाय धरले नाहीत की काही नाही. नुसती म्हणाली, "टोपी घाला, ऊन आहे."

टॅक्सीच्या बॉनेटला झेंडूची माळ होती, काचेवर कुंकवाचा टिळा. नात म्हणाली, "आजोबा, ही पण पूजेतली दिसते. धावतेय मस्त."

"त्याने उत्तरपूजा उरकली असेल."

"टॅक्सीवाले दादा, उरकली का?"

तो म्हणाला, "कसली?" मी खिडकीबाहेर बघितलं.

प्रयोगशाळेच्या दारात चपला काढायला लावल्या. तेवढ्यावर माझं त्या जागेबद्दल चांगलं मत झालं. मग डोक्यावर कागदी टोपी आणि अंगावर पांढरा डगला दिला. नात म्हणाली, जिलेबीवाले दिसता. मशीन सांभाळणाऱ्या मॅडम होत्या, मराठी नसलेल्या, बोलायला मोकळ्या. सुट्टीच्या दिवशी फक्त नातीसाठी आल्या होत्या.

आतल्या खोलीत उजेड अगदी कमी. मी डबी टेबलावर ठेवली. मॅडमनी कापड उचललं, वाकून बघितलं आणि थांबल्या.

"अरे, ये तो पीला पड़ गया है।"

मी नातीकडे बघितलं. ती डबीजवळ गेली, झाकणावरून बघितलं आणि स्टुलावर बसली. रडली नाही. हातमोजे घालायला घेतले होते, ते एकेक बोट करून पुन्हा काढायला लागली. ते हातमोजे काढणं मला बघवेना.

"मॅडम," मी म्हटलं, "हल्दी है वो।"

"क्या?"

"हल्दी. ऊपर है, अंदर नहीं." आणि मी डगल्याच्या बाहीने झाकण पुसलं. टॅक्सीत कापड घासून हळद झाकणभर पसरली होती, त्याला मी काय करणार? बाही पिवळी झाली. खाली तिन्ही तुकडे जसे होते तसे, फिका तो फिका, काळपट ते काळपट, कॉफीच्या रंगाचे.

नात माझ्याकडे बघत राहिली. "रात्री एक बोट लावलं होतंत."

"सकाळी आणखी लावलं."

"का?"

"पहिल्यांदा कामाला निघाली होती."

ती काही तरी जोरात बोलणार होती. पण मॅडम हसायला लागल्या आणि म्हणाल्या, "अंकल, इधर आइए।" मला मशीनच्या मागे नेलं. जिथे वायरी आत शिरतात तिथे, कोणाला दिसणार नाही असा, कुंकवाचा टिळा होता. मी लगेच विचारलं, हे मशीन पूजेत आहे तर आज चालवता कसं? त्या म्हणाल्या, "सुबह जल्दी उत्तरपूजा कर ली. आपकी पोती की वजह से।"

"ऐकलंस?" मी नातीला म्हटलं.

"ऐकलं. तिकडे बसा आणि अर्धा तास तोंड उघडू नका."

डबी त्यांनी हात आत घालायच्या एका काचेच्या पेटीत नेऊन उघडली. तुकडा मशीनमध्ये ठेवला, बारीक सुया त्याच्यावर टेकवल्या. खोलीतला होता तो दिवाही घालवला. पडद्यावर एक रेघ सरळ चालली होती. मशीनमधला दिवा लागला की ती रेघ उठणार, विझला की बसणार, एवढं मला सांगून ठेवलं होतं.

आधी तिने नुसत्या पातळ पत्र्याचा तुकडा घेतला. रेघ जराशी उचकली. मग नुसत्या पेरोव्हस्काइटचा. रेघ चढली, पण दिवा विझला तरी खाली यायला तयार नव्हती, रेंगाळत रेंगाळत उतरली. हे दोन्ही तिला आधीच ठाऊक होतं. तिसरा तुकडा तो खरा, दोन्ही एकावर एक असलेला. त्यावर सुया टेकवायच्या बारीक जागा बऱ्याच केलेल्या होत्या. पहिल्या जागी सुया टेकवल्या, दिवा लागला, रेघ हललीच नाही. दुसऱ्या जागी तेच. तिसऱ्या जागी रेघ वेडीवाकडी थरथरली आणि मेली.

नातीचा श्वास मला अंधारात ऐकू येत होता. मॅडम म्हणाल्या, "कोई बात नहीं, और हैं।" मी तोंड उघडलं नाही. आयुष्यात एवढं ऐकलेलं मला आठवत नाही.

पुढच्या जागी सुया टेकल्या. दिवा लागला आणि रेघ सरळ उभी वर गेली. दिवा विझला, धाडकन खाली. लागला, वर. रेंगाळणं नाही, काही नाही. नातीने दिवा कमी केला. रेघ वर. आणखी कमी केला, इतका की मला तो लागलाय की नाही तेही कळेना. रेघेला कळलं.

"झालं!" मी म्हटलं.

"पुन्हा," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून सगळं सुरू केलं.

दुसऱ्यांदाही रेघ तशीच उडाली. मी उठून तिच्याजवळ गेलो आणि समजावून सांगितलं की आता डबी कामाला लागली, म्हणजे आता ती हत्यार झाली, आणि आज दसरा आहे. आता तिला सुट्टी द्यायला हवी. मॅडमना हे पटलं असावं, त्या मान हलवत होत्या. नात म्हणाली, "आजोबा, एकदा झालं म्हणजे झालं नसतं. समितीत पहिला प्रश्न हाच येईल, पुन्हा होतं का. शेजारच्या जागेवर होतं का. आणखी अंधारात होतं का."

"देवावरही इतका अविश्वास दाखवत नाहीत."

"बसा."

तेवढ्यात माझा फोन वाजला. मी बाहेर व्हरांड्यात आलो. ही होती.

"श्रीखंड केलंय, पुऱ्यांचां पीठ मळून ठेवलंय. खय आसात?"

"इथेच आहोत. चाललं ते."

"मेलां नाय ना?"

"नाही. उडतंय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. ती म्हणेल, सर्दी होती.

"मगे येवा ना घराक."

"ती म्हणते पुन्हा करायचं."

"चाललां तर परत कित्याक?"

मी तिला समजावायला घेतलं. दोन पदार्थ असतात, म्हटलं, एक धरतो आणि एक पळवतो. एकट्याने दोघांचंही जमत नाही, म्हणून एकावर एक ठेवायचे, पण मध्ये फट राहता कामा नये. आणि एकाच जागी जमलं म्हणून भागत नाही, सगळीकडे जमलं पाहिजे. मी बराच वेळ बोललो. मध्ये एक वॉचमन येऊन उभा राहिला, त्यालाही थोडं ऐकवलं.

सगळं ऐकून ही म्हणाली, "तुमका कळलां ह्या?"

"कळलं म्हणजे काय? मी इथे उभा आहे."

"ता नाय विचारलां मी."

मी म्हटलं, पुऱ्या संध्याकाळी तळ, आणि फोन ठेवला. दार ढकलून आत गेलो तर दोघी एकदम ओरडल्या, "दार! उजेड येतोय!" पडद्यावरची रेघ सरळ छताकडे निघाली होती.